उपडी कढई

जानाईच्या देवळापुढं चिंचेखाली एक मोठी लोखंडी कढई उपडी पडलेली आहे. आलेला पाहुणा हटकून विचारतो, ही सरळ का ठेवत नाही? मग ठकूआजी गुरवीण हातातली वात तशीच ठेवून सांगायला लागतात.

पूर्वी म्हणे या कढईत न्याय व्हायचा. ज्याच्यावर आळ, त्यानं उकळत्या तेलातून लोखंडाची गोळी काढायची. हात भाजला की तो चोर.

एका वर्षी देवीची नथ गेली. आळ आला अंगण झाडणाऱ्या येसूवर. तिचं लेकरू सहा महिन्यांचं. चुलाण पेटलं, तेल चढलं. येसू एवढंच म्हणाली, "पाटील, आधी याला पाजू द्या. हात गेल्यावर याला धरू कशी?" पाटलांनी शब्द दिला, लेकराचं पोट भरेपर्यंत थांबू.

पण भीतीनं येसूचं दूधच आटलं. लेकरू ओढायचं, सोडायचं, टाहो फोडायचं. तेलातून धूर निघायला लागला. गुरव ओरडला, "अगं, कुणीतरी पाजा त्याला अन् उरका एकदाचं!"

अंगावर पाजणाऱ्या पाच-सहा बाया तिथं होत्या, असं सांगतात. एकीनंही पदर हलवला नाही. पोट भरलं की येसूचा हात जाणार, हे त्यांना कळत होतं.

ऊन डोक्यावर आलं. लेकराचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायचं. तेव्हा येसूच उठली. चोळीची बाही वर सारली. "घालते हात. पण माझ्या पोराला कुणीतरी घ्या गं."

गुरवाची बायको भागा उठली. तिच्याही घरी तान्हं होतं, चोळी भिजून गेली होती. सगळ्यांना वाटलं, ही लेकरू घेणार. पण ती धावली देवळामागच्या निर्माल्याच्या खड्ड्याकडं, अन् दोन्ही हातांनी उपसू लागली. "काल हार मी उतरवले. झटकले नाहीत. सकाळपासनं जीभ उचलत नव्हती माझी!"

कुजक्या झेंडूत नथ अडकलेली होती.

मग भागानं येसूचं लेकरू पदराखाली घेतलं. पाटलांनी चुलाण विझवलं, कढई उपडी केली.

आजही देवीचे हार पांढऱ्या धडप्यावर तीनदा झटकल्याशिवाय निर्माल्यात जात नाहीत. गावात निवाडा बसला, की ज्यानं दुसऱ्यावर आळ घेतला त्याच्या घरची बाई समोरच्याच्या लेकरांना आधी दूध देते. अन् मधेच एखादं लेकरू रडलं, तर त्याला कुणी गप्प करत नाही. पंच गप्प होतात.