ठकूआत्याचे मळके पाय

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या सोनखांब गावात ठकूआत्या राहायची. गावचीच लेक, अकाली विधवा होऊन माहेरी आलेली. आजाऱ्यांची सेवा करायची. तांब्याभर कढत पाणी आणि मूठभर कडुलिंबाचा पाला, एवढ्यावर ती अंथरुणातल्या माणसाला चादरीखालीच न्हाऊ घालायची. नखभर अंग उघडं पडू द्यायची नाही. तिच्या तांब्यातलं पाणी सरतच नसे, असं म्हणतात.

तिची एक सवय होती. आजाऱ्याच्या उंबऱ्यावर उभी राहून ती मोठ्यानं म्हणायची, "माझे पाय मळलेत गं बाई! कसला वास मारतोय माझा! जरा पाणी तापवा." पाणी आलं की निम्मं स्वतःच्या पायांवर घ्यायची. उरलेलं कुणासाठी, ते दार लावल्यावर.

आणि गावानं काय केलं? तिचं बोलणं खरं मानलं! ठकू घाणेरडी, ठकू ओंगळ. खरं वाटणार नाही, पण असंच झालं.

त्याच गावात सगुणाक्का होती. इतकी सोवळी की घासलेली घागर पुन्हा घासून घ्यायची. तिला अर्धांगवायू झाला आणि अंथरुणातच सगळं होऊ लागलं. शरमेनं तिनं सुनांना खोलीत येऊ देणं बंद केलं, अन्नपाणी सोडलं. पाठीला जखमा झाल्या. आता ही जाणार, असं सगळे धरून चालले.

मग ठकूआत्या आली. दाराशी ओरडली, "अक्का, शेणात पाय भरलेत माझे! तुमच्याकडं धुऊ का?"

आतून कितीतरी दिवसांनी आवाज आला, "शिंची, एवढी कशी गं घाणेरडी तू! ये आत, धू."

दार लागलं. बाहेर फक्त अक्काचं रागावणं ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळानं चक्क हसणं. त्या दिवशी अक्का पेज प्याली. आत्या रोज येत राहिली, जखमा भरत आल्या.

पण इकडे विहिरीवर बायांनी ठकूचा पोहरा अडवला. "रोज शेणात पाय घालणारीनं आमचं पाणी बाटवायचं नाही." आत्यानं वर पाहिलं नाही. एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ती रिकामी घागर घेऊन वळली.

ही गोष्ट अक्काच्या कानावर गेली, आणि जे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं ते घडलं. अक्का बाजेवर बसून, लेकांच्या खांद्यावरून थेट विहिरीवर आली. सोवळी सगुणाक्का! भर गावात म्हणाली, "घाण माझी होती. ठकूनं ती आपल्या पायांवर घेतली."

मग एक म्हातारा पुढं आला. "माझीबी होती." मागून एक बाळंतीण, "माझीही." एकेक करत निम्मं गाव बोललं. ज्यांनी पोहरा अडवला होता, त्यांच्याही घरचे त्यात होते. कुणाला कुणाकडं बघवेना.

आत्या मात्र संतापली. "अक्का, एवढं झाकलं मी, आणि तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत?"

"तू उपाशीतापाशी, तहानेलं फिरायचं," अक्का म्हणाली, "आणि मी सोवळी म्हणून मरायचं होय?"

आत्या रडली. गावानं तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. तिच्या डोळ्यांतलं पाणी विहिरीत पडलं आणि विहिरीचं पाणी कोमट झालं, असं म्हणतात. थंडीच्या सकाळी तिथून वाफ निघते, ती आत्याची.

आजही सोनखांबात आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस, कितीही धुतलेल्या पायांनी आला तरी, उंबऱ्यावर थांबून म्हणतो, "पाय मळलेत माझे, पाणी तापवा." घरचे पाणी तापवतात. कुणासाठी, ते कुणी विचारत नाही.