बाहेर दिलेलं काम

“म्हणजे नक्की काय रे ते?” निरंजनगीर बाबांनी विचारलं.

“आउटसोर्सिंग,” अरविंद म्हणाला. “काम बाहेर देणं, बाबा.”

अरविंद सोनटक्के आमच्याच गल्लीतला. लहानपणी मठात बाबांपुढं पाटी घेऊन बसायचा, आता बेंगळुरात त्याची मोठी कंपनी आहे. मठाची आणि माझ्या परसाची भिंत एकच. मी दही द्यायला गेले होते, आणि दही देऊन झालं तरी उठले नव्हते.

त्यानं बाबांना नीट समजावून सांगितलं. कंपनीनं सगळंच स्वतः करत बसायचं नाही. पगाराचे हिशोब, पहारा, झाडलोट, गिऱ्हाइकांचे फोन घेणं, हे ज्यांच्या हातचं काम त्यांच्यावर सोपवायचं. आपण आपलं मुख्य तेवढं धरून ठेवायचं.

“कंत्राटच की मग.”

“कंत्राट म्हणजे भिंत बांधली, संपलं. हे रोजचं असतं. काम आपलंच, पण करतो दुसरा.”

बाबांनी मान डोलावली. म्हणाले, असं असेल तर मठात हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मडकी कुंभार करतो, डोकी न्हावी करतो, आणि गोसावी आपले धुनीपाशी बसून राहतात. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “दही आम्ही ह्या बाईंना आउटसोर्स केलंय. बरोबर बोललो?”

“अगदी बरोबर.”

“चांगला शब्द आहे.”

मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाही, त्यांना खरंच आवडला होता.

मग अरविंद ज्यासाठी आला होता ते बोलला. त्याची आई, म्हणजे आमच्या यमुनावहिनी, आता पुलापलीकडच्या नव्या बंगल्यात असतात. आजारातून उठल्या, उठून बसायलाही लागल्या, पण अन्न सुटलं. ताट भरलेलं जातं आणि भरलेलं परत येतं. तपासण्यांत काही निघत नाही. असंच चाललं तर सोमवारी नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले होते.

हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. मघाचा अरविंद वेगळा होता.

कमी काहीच केलं नव्हतं त्यानं. एजन्सीची शिकलेली बाई दिवसरात्र होती, पथ्याचं करणारा आचारी होता, व्यायाम करून घ्यायला माणूस येत होता. राहता राहिली प्रार्थना. तेवढी बाबांनी घ्यावी, आईच्या नावानं रोज एक माणूस जपाला बसवावा, बाकीची व्यवस्था तो बघेल.

“तेही बाहेर,” बाबा म्हणाले.

“ज्याचं काम त्यानंच करावं, बाबा.”

“खरं आहे... ती बाई कशी आहे?”

“सोनं आहे. फुलासारखं जपते आईला. जबरदस्ती कसलीच नाही. त्यांचा नियमच आहे, पेशंट नको म्हणाला की ताट उचलायचं.”

“आणि आई नको म्हणते.”

“ताट समोर आलं की लगेच.”



जेवणवेळ झाली होती. आत चुलीवर आमटी उकळत होती. बाबा उठले, स्वतःच्या हातानं ताट वाढून घेऊन आले. गरम भात, चिंचगुळाची आमटी, वर तूप. अरविंदपुढं ठेवलं.

“जेव.”

“नको नको, बाबा.”

आपल्यात असंच म्हणतात. वाढणारा आग्रह करतो, आपण हात आडवा धरतो, तो वाढतोच, मग आपण पोटभर जेवतो. यमुनावहिनींच्या घरी तर ही शिस्तच होती. पाहुण्यानं पहिल्या हाकेला पाटावर बसायचं नाही, आणि घरच्यांनी पहिल्या नकाराला ऐकायचं नाही.

बाबांनी ताट उचललं.

सरळ आणून माझ्यापुढं ठेवलं. “तुम्ही घ्या.”

मी नको म्हटलं नाही.

अरविंद आधी हसला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहाटे विमानात बसल्यापासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आल्या आल्या त्यानंच सांगितलं होतं. वास तर सगळ्या ओसरीभर पसरला होता. तो माझ्या ताटाकडं बघत राहिला... पण दिसत त्याला दुसरंच काही असावं.

“बाबा,” तो म्हणाला, “तिला कुणी दुसऱ्यांदा कधी...”



बाबा आत जाऊन चुलीतली लाकडं मागं ओढू लागले.

अरविंद उठला. खिशातून फोन काढला. एजन्सीला आत्ताच कळवतो म्हणाला, आग्रह करायचा असं कलमच घालायला लावतो. नंबर काढला, अंगठा तसाच वर धरला आणि बाबांकडं पाहिलं.

बाबा राख सारखी करत होते. वर बघितलंही नाही.



मग फोन खिशात गेला.

तो बूट घालू लागला. मी म्हटलं, अरे, दोन घास खाऊन जा. नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा हसून म्हणाला, “नाही काकू, घरीच जेवतो. आईपाशी.”

पायरी उतरला आणि तिथंच थांबला. एवढा मोठा माणूस, पण चेहरा पाटी विसरून आलेल्या पोरासारखा.

“बाबा... ती नकोच म्हणाली तर?”

“म्हणू दे की,” बाबा म्हणाले. “तुला कुठं जायचंय?”