भिंतीतला पाचू

यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवून दाखवा, माझ्या वाटणीची साखर तुम्हाला. नाहीच ठेवणार तुम्ही. तो सायमन तर आत्तापासूनच दात काढतोय.

एकदा काय झालं, देवाला नवं शहर बांधायचं होतं. जागा कुठली धरली? तर एक उघडीबोडकी टेकडी. पण भिंत साधी नव्हे बरं का. पवित्र शास्त्रात आहे ते, तुम्ही रविवारी देवळात पेंगता म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. एकेक थर एकेका रत्नाचा. त्यातला चौथा पाचूचा. असा हिरवा, की त्याच्याशेजारी कोवळं गवत ठेवलं तर वाळलेलं वाटावं.

मग बांधायला देवदूत आले. पंखांना चुना लागलेला, डोक्याला फडकी गुंडाळलेली. मुकादम तर एवढा गंभीर, की त्याला गुदगुल्या केल्या असत्या तरी त्यानं विचारलं असतं, "काही काम होतं का?"

टेकडीच्या पायथ्याशी राहेल राहायची. नवरा देवाघरी गेलेला, एकच पोर पदरात. तबिथा तिचं नाव. पायाला भिंगरी, तोंडाला कुलूप नाही.

राहेल म्हणाली, "नवे शेजारी आलेत, त्यांच्या पोटाचं कोण बघणार?" वाडगाभर पिठलं केलं नि पोरीच्या हाती धाडलं. देवदूतांनी वाडगा चाटूनपुसून लख्ख केला, आणि दिला तसाच रिकामा परत! आता सांगा, आपल्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं देतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. राहेल कमरेवर हात ठेवून खालूनच ओरडली, "अहो पंखवाले! देवाघरची माणसं ना तुम्ही? भांडं रिकामं धाडायची रीत कुठली ही?"

देवदूत ओशाळले बिचारे. दुसऱ्या दिवशी वाडग्यात ढगातलं गार पाणी आलं. राहेल खूश. शेजारणींना चमचा चमचा चाखवत फिरली.

तिसऱ्या दिवशी वाडगा घेऊन मुकादमच आला. वाडग्यात पाचू, मुठीएवढा. बाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पोर कुठंय?"

"बाई, आत गाणं चाललं होतं. वेशीला दार बसायचंय अजून. पोर नाचत नाचत आत गेली. आत गेलेलं बाहेर येत नाही."

"आणि हा दगड?"

"भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणाली होतीस. दुसरं काही नव्हतं. भिंतीतलाच काढला."

राहेलनं ऊर बडवला. "माझी पोर गिळली आणि हा दगड ओकलात होय रे?"

मग ती पाचू घेऊन वेशीवर गेली. म्हणाली, "हा घ्या, माझी तबिथा द्या." मुकादम म्हणाला, "अदलाबदल होत नाही, बाई."

मग ती परत गेली. म्हणाली, "मग मलाही आत घ्या." मुकादम म्हणाला, "तुझं बोलावणं नाही आलं." "कधी येईल?" "मला काय ठाऊक? मी भिंत बांधणारा."

मग ती पुन्हा गेली, पण वेशीवर नाही. पाचू काढला होता तिथं भिंतीत भोक राहिलं होतं. राहेलनं त्याला डोळा लावला. आत तबिथा! पोरांच्या घोळक्यात, केसांत फुलं.

"तबे! अगं तबे!"

पोर धावत आली. भोकातून हात बाहेर घातला. राहेलनं तो धरला आणि ओढला. सगळी ताकद लावून ओढला, रे. कोपर आलं, दंड आला. मग खांदा अडकला आणि पोर किंचाळली. राहेलनं हात ढिला केला, पण सोडला नाही.

"आये, इथं लई छान आहे," तबिथा म्हणाली. "कुणाचंच काही दुखत नाही. फक्त या भोकातून तुझं रडणं येतं. मग सगळी पोरं खेळायची थांबतात. आणि माझं पोट दुखतं."

"मी नाही रडणार."

"रडतेस की. आत्तासुद्धा रडतेस."

राहेलनं पोरीची बोटं एकेक करून कुरवाळली. मग हात हळूच आत सारला. मुकादम मागं उभाच होता. तिनं त्याच्याकडून चुना घेतला, थापी घेतली. त्याला हात लावू दिला नाही. पाचू तिनं स्वतःच बसवला. चांगला ठोकून बसवला. फटीतनं वारासुद्धा जाऊ नये असा.

आतलं गाणं बंद झालं. म्हणजे आत चालूच होतं, हिला ऐकू येईना. भिंतीला कान लावून बसली दिवसभर. काही नाही. नुसता गार दगड.

मग? मग काय, आत सगळे सुखानं राहिले. बाहेरची बाई टेकडी उतरली आणि घरी जाऊन मोठ्यानं रडली. आता तिला कुणाची चोरी नव्हती.

नाही रे, नाही आली तबिथा परत. किती वेळा विचारशील? पोटाशी येऊ नकोस, उकडतंय मला. जा. जा म्हणते ना, आपल्या आईजवळ जाऊन नीज.