झाकलेली चित्रं

एका डोंगराळ गावातली एक मुलगी दूरदेशी शिकून आपल्याच शाळेत शिकवायला परतली. सगळे तिला ताई म्हणू लागले. आपण तिकडून शाळेला धाडलेल्या चित्रांच्या पुस्तकांवर पोरं तुटून पडली असतील, असं ती वाटभर मनाशी रंगवत आली होती. पुस्तकं होती, पण चित्र एकही नव्हतं. गुरुजींनी प्रत्येक चित्रावर खळ लावून पांढरा कागद चिकटवला होता.

"हे काय, गुरुजी?"

"पोरं चित्रंच बघत बसतात, वाचायचं टाळतात. अर्थ अक्षरांत असतो, बाई. चित्र म्हणजे नुसती शोभा."

दाराशी चपलांजवळ धुरपी नावाची एक मुलगी बसली होती. तिचा गुन्हा काय? गोष्टीत आई पोरांना म्हणते, 'तुम्ही जेवा रे, माझं झालंय.' आई जेवली का, असं गुरुजींनी विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, जेवली. धुरपी म्हणाली, नाही. उत्तर सुधारेपर्यंत तिला वरच्या वर्गात घेणार नव्हते.

"'झालंय' म्हणजे काय गं?" गुरुजी पुन्हा कडाडले.

"जेवून झालंय. पण ती उपाशीच होती."

वर्ग खिदळला. "धुरपे, तू काय वाढायला गेली होतीस?"

ताई तिच्याशेजारी टेकली. "तुला कसं कळलं?"

धुरपीनं ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. कागदाआडून चित्र उमटलं. पोरांच्या ताटांत भाकरी, दुरडी रिकामी, आणि आईचं ताट अजून फळीवरच.

"ताट खाली काढलंच नाही की," धुरपी हळूच म्हणाली. "माझी आयपण असंच म्हणते."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गुरुजी, कागद चिकटवताना एकदा तरी पाहिलंत का हे? आई खोटं बोलली, हे फक्त चित्रात आहे! तिची माया तुम्ही खळीनं बुजवलीत, आणि जिला ती दिसली तिलाच चपलांत बसवलंत!"

"पुस्तकं तुमची, शाळा माझी," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गुरुजींच्या आधी शाळेत आली, बादलीभर पाणी आणि फडकं घेऊन. धुरपीला तिनं दारातून उठवून पहिल्या रांगेत बसवलं आणि ओलं फडकं तिच्या हाती दिलं.

"आधी ते पान," ती म्हणाली. "मग सगळी. कागद निघाल्याशिवाय मी धडा घेणार नाही. आणि गुरुजी आले की त्यांनाच विचारू, आई जेवली का."

तात्पर्य इतकंच, की शब्द जे पोटात ठेवतात ते चित्र बोलून दाखवतं. चित्र झाकणारा निम्मी गोष्टच गाडून टाकतो.