रेणुकाची डबी

“मग रोग लपला तरी कुठं?”

दुर्गव्वानं विचारलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जणू इमामबाबांनीच तो झोळीत घालून ठेवला होता.

दर्ग्याच्या पायरीवर बसून बाबा कंदिलाची काच पुसत होते. पुसत राहिले.

“सुनेच्या बेडक्याच्या दोन डब्या दवाखान्यात धाडल्या. दोन्हीत काही निघालं नाही. छातीचा फोटो काढायचा तर मशीन तालुक्याला, नंबर पुढच्या महिन्यात. आणि तिची चोळी मी माझ्या हातानं दोनदा आवळली. काही नाही म्हणजे काय?”

इमामबाबा फकीर होण्याआधी तीस वर्षं छातीच्या रोग्यांच्या दवाखान्यात झाडू मारत होते. ते ताईत देत नसत, अंगारा देत नसत. कुणी खोकत आलं की चार गोष्टी विचारायचे आणि दवाखान्याची वाट दाखवायचे.

त्या चार गोष्टी दुर्गव्वानं त्यांच्याकडूनच उचलल्या. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, सांजचा ताप, झोपेतला घाम, उतरत चाललेलं अंग. खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीत तिनं वर्षभरात अकरा जण हुडकले. कुणाला हाताला धरून, कुणाला शिव्या घालून डबीत बेडका द्यायला लावला. नऊ जणांत टीबी निघाला. तेव्हापासून ती म्हणायची, मला खोकला भिंतीपलीकडून कळतो.

आणि आता तिच्याच भिंतीच्या आत...

“खोकते?” बाबांनी विचारलं.

“खोकते. पदरात तोंड घालून. दीड महिना झाला.”

“ताप?”

“दिवस कलला की अंग तापतं. बोलत नाही ती, पण हात लागला की कळतं.”

“घरात आधी कुणी खोकायचं?”

“माझा सासरा. दोन वर्षांमागं गेला. त्याला दम होता.”

“त्याची डबी दिली होती?”

“म्हाताऱ्याला कोण नेणार? दगड फोडणाऱ्याला दम असायचाच. सगळे दमच म्हणाले.”

“सगळे?”

“...मी बी.”

बाबांनी काच उन्हात धरून बघितली. एक डाग राहिला होता.

“सुनेची डबी कुणी भरली?”

“तिनंच.”

“कुठं?”

“घरात. चुलीपाशी.”

“तू कुठं होतीस?”

“समोर! पाटावर बसून, डोळ्यांत तेल घालून.” दुर्गव्वाची मान ताठ झाली. “लोक नुसती थुंकी भरून देतात, बाबा. मी तसलं चालू देत नाही. दोन्ही वेळेला तिला म्हटलं, खाकर, आतनं काढ, मी बघते.”

“निघाला?”

“निघाला की. पांढरा. जरा पातळ...”

बाबांनी काच बाजूला ठेवली. झोळीतून नारळाची करवंटी काढली आणि तिच्यापुढं धरली.

“खाकर.”

“कोण, मी?”

“आल्यापासनं घसा खरखरतोय तुझा. काढ.”

“तुमच्यासमोर?”

“मी बघतो.”

दुर्गव्वानं करवंटी घेतली. जी बाई खाणीवरच्या मुकादमाला चारचौघांत आईबापावरून शिव्या द्यायची, तिचा हात पदराकडं गेला. ती पाठमोरी झाली. घशातलं वर आलं, जिभेच्या मुळाशी थांबलं... आणि खाली गेलं. करवंटीत पडलं ते तोंडातलं पाणी.

बाबांनी करवंटी उन्हात तिरपी केली.

“वडीलधाऱ्या माणसासमोर कसं...” दुर्गव्वा पुटपुटली.

आणि बोलता बोलता तिचं तोंड तिथंच मिटलं.

दर्ग्याच्या अंगणात कुणाची तरी शेळी चिंचेचा पाला ओरबाडत होती.

“मी काय वाघीण आहे का, तिला खायला?” दुर्गव्वा एकाएकी भडकली.

बाबा हातानं मातीत खड्डा करायला लागले.

“एका शब्दानं दुखवलं नाही पोरीला! विचारा वस्तीत!”

“...तीन वर्षं झाली नांदायला येऊन,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “माझ्यासमोर कधी शिंकली बी नाही.”

बाबांनी करवंटी मातीत पुरली आणि हात धुतले.

“तिसरी डबी दे. पहाटे, उठल्या उठल्या, चूळ भरून. घरामागं, उघड्यावर. तू नसशील तिथं.”

“मग मी कुठं जाऊ?”

“ते मला काय विचारतेस?”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दुर्गव्वानं नवऱ्याला आणि लेकाला खाणीवर पिटाळलं. चहा तिकडंच प्या म्हणाली. मग सुनेच्या, रेणुकाच्या हातात डबी दिली.

“मागं जा. खोल श्वास घे, दोनतीनदा. मग पोटातनं खोक. मी इथं नाही.”

“मग कुठं जाताय, आत्या?”

“मेले असं समज.”

ती घराच्या पुढच्या अंगाला आली. एक जुना पाटा पुढ्यात ओढला, छिन्नी लावली आणि हातोडी हाणायला लागली. ठाक्. ठाक्. ठाक्.

“दुर्गव्वा, अगं कोंबडं बी उठलं नाही!” शेजारणीनं दारातून डोकं काढलं. “एवढ्या पहाटे पाटा कुणाचा टाकवतीस?”

“तुझ्या सासूचा! आत जा, दार लाव.”

मागून खोकला ऐकू आला. आधी दबका, पदरातला. दुर्गव्वाचे कान तिकडं वळले. भिंतीपलीकडचा खोकला ओळखणारे कान ते. तिनं दात आवळले आणि हातोडी जोरात घातली. खोकला मोठा झाला. हातोडी त्याहून मोठी झाली. पाट्याचा टवका उडाला तरी ती थांबली नाही.

रेणुका आली तेव्हा डबीचं झाकण घट्ट लावलेलं होतं. नजर खाली.

दुर्गव्वानं झाकण उघडलं नाही. बाहेरूनच बघितलं. पिवळट. घट्ट.

“हे एवढं रोज कुठं जायचं गं?”

रेणुका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, “आत.”

दुर्गव्वानं डबी पिशवीत घातली आणि चालत दवाखाना गाठला. दार उघडायच्या आधीच दारात बसून राहिली.

टीबी निघाला.

गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. सहा महिने, एक दिवस न चुकता. घरातल्या बाकी तिघांना दुर्गव्वानं स्वतः ओढत तालुक्याला नेलं, म्हणजे दोघांना नेलं आणि तिसरी आपण गेली. डब्या दिल्या, छातीचे फोटो काढले. तिघंही साफ.

महिनाभरानं ती दर्ग्यावर आली. या वेळी उभी राहिली नाही. बाबांच्या खालच्या पायरीवर बसली.

“सापडला, बाबा. खोकला कमी आहे. ताप गेला.”

बाबांनी मान डोलावली.

“पण एक गोष्ट डोक्यातनं जात नाही.”

“बोल.”

“तिलाच का?”

बाबा तिच्याकडं बघत राहिले.

“म्हातारा खोकायचा ती हवा आम्ही सगळ्यांनीच घेतली. एकच खोली, खिडकी नाही. त्याच्या उशाशी तर मी बसायचे. धुळीचं म्हणाल, तर माझ्या लेकाच्या छातीत तिच्या दसपट धूळ. चुलीचा धूर म्हणाल, तर तीस वर्षं मी खाल्ला. बिडी माझा नवरा ओढतो. साखरेचा आजार आहे का म्हणून नर्सबाईंनी सगळ्यांची बोटं टोचली, कुणालाच नाही.”

तिनं बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि मूठ मिटली.

“सगळं जुळवून बघितलं मी. खोटं नाही सांगत, रात्र रात्र जुळवलं. हिशेब तिच्यावर येतच नाही. चौघं जण, बाबा. छप्पर एक, हवा एक, भाकरीची टोपली एक. मग ती एकटीच का वाळली?”

दुर्गव्वा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. या माणसाला कळलेलं असतं, आणि तो सांगत नाही, याचा तिला राग येत होता.

“सांगा ना...”

“टोपलीपाशी शेवटी कोण बसतं? आणि तेव्हा टोपलीत उरतं काय?” बाबांनी विचारलं.