लाकडी डोक्याची वकिली

राज्यारोहणाच्या मिरवणुकीत हत्तीवर बसलेल्या महाराजांची पगडी घसरून नाकावर आली आणि ती बांधणारा सोनबा तुरुंगात गेला. आरोप राजाच्या अपमानाचा. शिक्षा ठरलेली, राज्यातून हद्दपारी!

न्यायाधीश विसाजीपंत आधी वकील होते. मग राजसभेत बसून ते कायदे करू लागले. वकील असताना सापडलेल्या पळवाटा त्यांनी सभेत बसून बुजवल्या आणि न्यायाधीश झाल्यावर त्यांच्यावर पहारा ठेवला. त्यांचा एक लाडका कायदा असा : ‘न्यायालयात पगडी असलेल्या डोक्यानेच बोलावे.’ दुसरा : ‘बाईने पगडी घालू नये.’

कैद्याची पगडी तुरुंगाच्या दारातच उतरवत. म्हणजे सोनबा गप्प. महाराजांविरुद्ध उभा राहायला एकही वकील तयार होईना. सगळे वयाने मोठे होते, त्यामुळे सगळ्यांनी सल्ला मात्र दिला.

सोनबाची मुलगी ठकी थेट पंतांच्या ओसरीवर गेली.

“माझ्या बाबांच्या बाजूने मी बोलणार!”

“बोल की, पोरी,” पंत पान चघळत म्हणाले. “फक्त पगडीखालून बोल. आणि पगडी घालू नकोस!”

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः खटला ऐकायला आले. ठकीने तोंडातून अवाक्षर न काढता मेजावर पगडी बांधायचं लाकडी डोकं ठेवलं.

“ही कसली बाहुली, कसली ठकी आणलीस?” पंत ओरडले.

ठकीने त्या लाकडी डोक्यावर पगडी चढवली, त्याच्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, “ठकी मी, साहेब. हे वकील.”

“अगं, ते लाकूड आहे!”

“कायद्यात ‘डोकं’ म्हटलंय. कशाचं, ते लिहिलेलं नाही.”

“कायदा करणाऱ्याच्या मनात जिवंत डोकं होतं!”

“मग त्यांनाच विचारू या. कुठे असतात ते?”

सगळं न्यायालय पंतांकडे बघू लागलं. पंत पगडीकडे बघत होते.

“ही... ही तर माझी पगडी!”

“वकिलीतली. दुरुस्तीला टाकली होतीत. हिच्याखालून बोलणारा कधी हरला नाही, असं आपणच सांगता. डोकंही आपल्याच मापाचं आहे.”

“बोलू द्या वकिलांना,” महाराज म्हणाले.

“महाराज, बाबांनी आपल्या दाट केसांसकट माप घेतलं होतं. पगडी सैल झाली नाही, केस गेले! मिरवणुकीच्या दिवशी सकाळी आपलं मुंडण झालं.”

“झालं खरं. राज्यारोहणाच्या दिवशी राजाने मुंडण करावं, असा पंतांनी केलेला नवा कायदा आहे.”

“तो कायदा झाला, हे पगडी बांधणाऱ्याला कोणी कळवलं नाही.”

पंतांना अचानक खोकला आला.

“मग खरा गुन्हेगार कोण?” महाराजांनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही, महाराज. वकिलाने स्वतःविरुद्ध कसं बोलावं?”

महाराज आधी लाकडी डोक्याकडे बघत राहिले, मग पंतांकडे. मग ते इतके हसले, की पगडी पुन्हा नाकावर आली. पगडीच्या आतूनच त्यांनी हुकूम सोडला, “सोनबाला सोडा! आणि या मुलीला वकिलीची सनद द्या!”

मग पगडी काढून त्यांनी ठकीच्या हातात दिली.

“ही बाबांकडून आवळून आण. आणि पुढच्या खटल्याला येशील तेव्हा हे डोकं घरी ठेव. तुझं आण, पगडीसकट!”