देवीच्या आड येणारा खांब

मंडपात शिरलात की हा खांब नेमका देवीच्या आड येतो. नव्या माणसाला वाटतं, कुठल्या अडाण्यानं इथे रोवला! जरा डावीकडे सरा, म्हणजे आई दिसेल.

पूर्वी इथे खांब नव्हता, असं सांगतात. बारा हात रुंद मंडप आणि कौलारू छपराचं सगळं ओझं एका जुन्या तुळईवर. तिला वाळवी लागली, तेव्हा गावानं दाजी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. देवळाचं सुतारकाम पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरात. त्यानं तुळई ठोकून पाहिली, अंतर मापलं आणि गावकरांना म्हणाला, "एक तर हातभर जाडीचा लाकूड होया, नायतर मधी खांब. खांब दिलो तर वीतभर जाडीची तुळय पुरात."

एवढं थोर लाकूड फक्त देवराईत होतं. गुरवानं कौल लावला. देवीच्या अंगावर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. झाड तोडू? डावं पडलं. मग मधे खांब देऊ? तेही डावंच.

पावसाळा तोंडावर आलेला, छप्पर उतरवलेलं, देवी उघड्यावर. कौल मोडायची छाती कुणाची नव्हती, दाजीचीही नव्हती. त्यानं खांबाशिवायच वीतभराची तुळई चढवली. त्या दिवशी तो घरी जेवला नाही म्हणे.

तुळई वाकत गेली. दाजी रोज येऊन दोरी ताणून तिचा वाक बघायचा आणि खाली बसलेल्यांना उठवायचा. "हय बसू नकात," एवढंच बोलायचा. पुन्हा खांबाचा कौल लावून झाला, पुन्हा डावं. मग एका श्रावणात भर दुपारी तुळई कडाडली. खाली वाती वळणाऱ्या बायका होत्या. दाजीनं त्यांना बाहेर लोटलं. तो स्वतः आतच राहिला.

त्याचं बारावं झाल्यावर गुरवानं परत खांबाचा कौल लावला. उजवं फूल पडलं. सगळा गाव हात जोडून उभा होता. दाजीची बायको येसू पुढे आली नि म्हणाली, "आई, ह्योच कौल आधी कित्याक नाय दिलंस?"

गुरवानं मान खाली घातली.

आजही या गावात पेरणी, सोयरीक, आजारपण, सगळं आईला विचारतात. पण घराला तुळई केवढी घालायची, खांब कुठे द्यायचा, याचा कौल कुणी लावत नाही. ते मेस्ताला विचारतात.